निर्लेखन

दिवाळीच्या आधीचा आठवडा हा आपल्याकडे टाकण्याचा आठवडा असतो. माळा उतरवला जातो, पलंगाखालचे डबे बाहेर निघतात, आणि 'असू द्या, कधी तरी उपयोगी पडेल' म्हणून वर्षानुवर्षे जपलेल्या वस्तूंचा एका दुपारी निकाल लागतो. नागपुरात या दिवसांत कबाडी हातगाडी घेऊन गल्लीगल्लीतून फिरत असतो आणि त्याच्या तराजूत आपले गतवर्ष किलोच्या भावाने मोजले जाते. घर रिकामे झाले की मनही हलके होते. हा हलकेपणा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण तो फार स्वस्तात मिळतो, अशी मला शंका आहे.

'टाकणे' हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. ठेवणे म्हटले की कुठे ते सांगावे लागते, देणे म्हटले की कुणाला ते सांगावे लागते. टाकणे असला काही प्रश्न विचारीत नाही. 'टाकून दिले' एवढे म्हटले की वाक्यही पूर्ण होते आणि वस्तूही जगातून नाहीशी झाल्यासारखी वाटते. म्हणून तर कुठलीही गोष्ट कायमची उरकली हे सांगायचे असले की मराठी माणूस तिला 'टाकणे' जोडतो : करून टाकले, सांगून टाकले, फेडून टाकले. टाकणे म्हणजे सुटका, असे आपल्या भाषेनेच ठरवून टाकले आहे.

आमच्या नागपुरात या सुटकेचा एक उत्सवच आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांतून मारबतीची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात, पिवळीची त्यानंतरची. लोक ओरडतात, 'घेऊन जा गे मारबत!' रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, लाचखोरी घेऊन जा. मग मारबत गावाबाहेर नेऊन जाळतात. लहानपणापासून ही मिरवणूक पाहत आलो, आणि तिच्यात ओरडण्याची मजा मीही घेतली आहे. पण १८८१ साली गावाला 'बाहेर' होते. आज भांडेवाडीला शहराचा कचरा जातो. तीही एके काळी बाहेरच होती. मग शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत जाऊन पोचले, आणि आता तिथल्या घरांच्या खिडक्या त्या ढिगाऱ्याकडेच उघडतात. त्या खिडक्यांतल्या माणसांना कुणी विचारावे की बाहेर कुठे आहे?

एवढी प्रस्तावना करण्याचे कारण असे की मला एका अशा घराविषयी लिहायचे आहे, ज्यात ही झाडलोट बारा महिने चालते आणि जे आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले आहे. दिवाळीच्या संध्याकाळी आपण अंगणातल्या रांगोळीचे छायाचित्र काढतो आणि पुण्याच्या आत्याला, अमेरिकेतल्या भाच्याला पाठवतो. ते 'क्लाउड'मध्ये साठते, असे मुले सांगतात. क्लाउड म्हणजे ढग. हे नाव ठेवणारा मनुष्य कवी असावा किंवा फार चतुर व्यापारी. कारण ढगाला वजन नसते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते छायाचित्र कुठल्या तरी लोखंडी कपाटातल्या यंत्रात जाऊन बसते. आपल्या राज्यात ही कपाटे मुख्यतः मुंबईत आणि नवी मुंबईत, ऐरोली, महापे, पनवेल अशा ठिकाणी मोठमोठ्या इमारतींतून उभी आहेत, पुण्यातही आहेत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. मराठीत विदागार म्हणावे की माहितीचे कोठार म्हणावे, हा वाद भाषातज्ज्ञांनी घालावा. लोक म्हणतात तेच मी म्हणतो.

या इमारतीत माणसे थोडी आणि यंत्रे पुष्कळ. सर्व्हर म्हणजे पडदा नसलेला, कळफलक नसलेला, रात्रंदिवस न विझणारा संगणक. असे हजारो सर्व्हर कपाटांच्या रांगांतून बसवलेले असतात. त्यांची उष्णता ओढून घ्यायला थंड हवेची वा पाण्याची योजना असते, वीज गेली तर क्षणभरही खंड पडू नये म्हणून बॅटऱ्यांच्या रांगा असतात, आणि बॅटऱ्यांच्या मागे डिझेलची जनित्रे असतात. आपण रांगोळीचे छायाचित्र पाच माणसांना पाठवतो तेव्हा या साऱ्या संसाराला आपण एक दाणा घालतो. सकाळी सकाळी फुलांची चित्रे शंभर जणांना धाडणारी मंडळी तर मूठभर घालतात; पण सणासुदीला कुणाला दुखवायचे नाही, म्हणून तो विषय सोडतो.

या यंत्रांचे आयुष्य किती? चार ते सहा वर्षे, असे उत्तर येते. आता आपल्याला वाटेल, सहा वर्षे अहोरात्र चालून बिचारे यंत्र झिजत असेल. वस्तुतः तसे नसते. पंखा बिघडतो, तबकडी जाते. परंतु यंत्र बाहेर निघते तेव्हा बहुधा ते चालतच असते. बाहेर काढण्याचा निर्णय त्याचे शरीर करीत नाही. हिशेबाची वही करते. गूगलने २०२३ साली आपल्या हिशेबात सर्व्हरचे आयुष्य चार वर्षांवरून सहा वर्षे केले. मायक्रोसॉफ्टने तेच आदल्या वर्षी केले होते. ॲमेझॉननेही २०२४ साली पाचाची सहा वर्षे केली आणि २०२५ साली त्यांतल्या काही यंत्रांपुरती पुन्हा पाच केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात प्रगतीचा वेग वाढला, हे कारण दिले. एक स्क्रूही न हलता लाखो यंत्रे एका सहीने दोन वर्षांनी तरुण झाली, आणि दुसऱ्या सहीने काही यंत्रे एका वर्षाने म्हातारी झाली.

आम्हा शिक्षकांना ही गंमत लवकर कळते. अठ्ठावन्नावे वर्ष पुरे झाले की आदल्या दिवशीपर्यंत भूमिती शिकवणारा माणूस दुसऱ्या दिवशी शिकवण्यास असमर्थ ठरतो. पण निवृत्त शिक्षकाला निदान कुणी यंत्रात घालून चुरा करीत नाही.

आणि दीर्घायुषी यंत्रे आपण पाहिलेली नाहीत असेही नाही. सातपुड्याच्या छोट्या रेल्वेची वाफेची इंजिने मोतीबागेच्या कारखान्यात दुरुस्त होऊन होऊन किती दशके चालली! आज त्यांतली काही कडबी चौकाजवळच्या संग्रहालयात रंग लावून उभी आहेत, आणि मुले त्यांच्यावर चढून छायाचित्रे काढतात. ती छायाचित्रे अर्थातच ऐरोलीला जातात.

येथे समंजस वाचक मला अडवील. तो म्हणेल, गुरुजी, जुने ते सोने हे ठीक. पण जुने यंत्र वीज जास्त खाते त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि नागपूरकराने तर तो झटकता कामा नये. आमच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे कोळसा जळतो. राज्याच्या विजेचा मोठा भाग अशाच कोळशातून येतो. जुलै २०२२ मध्ये पावसात कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि ती राख नाल्यांतून, शेतांतून, नदीच्या पाण्यात गेली. अनेक जुन्या सर्व्हरांचे काम नवा एक सर्व्हर कमी विजेत करीत असेल, तर जुने चालवीत राहण्याचा हट्ट म्हणजे कुणाच्या तरी शेतात थोडी अधिक राख. काटकसर हा सद्गुण आहे. पण विजेचे बिल न पाहता केलेली काटकसर हा नुसता हट्ट होतो.

परंतु नव्या यंत्रालाही जन्म घ्यावा लागतो. त्याच्या चिपा ज्या कारखान्यांत घडतात तिथे अतोनात शुद्ध पाणी लागते, वीज लागते, आणि खाणींतून तांबे, सोने, टॅंटलम उपसावे लागते. ते यंत्र चालू करण्यापूर्वीच त्याच्या खात्यावर एक राख जमा असते. ती आपल्या कोराडीची नसते, एवढेच. जिथे वीज कोळशाची आहे तिथे यंत्र लवकर बदलणे सार्थ ठरू शकेल. जिथे ती पाण्याची वा उन्हाची आहे तिथे जुने यंत्र पुष्कळ काळ राखणे श्रेयस्कर. म्हणजे एकच कृती एका गावात शहाणपणाची आणि दुसऱ्या गावात उधळपट्टीची. नीतीचे नियम भूगोलाप्रमाणे बदलतात हे ऐकून कुणाला अस्वस्थ वाटेल; मला त्यात वावगे दिसत नाही. मात्र बदलायचे म्हणजे फोडायचेच, हे कुठून आले? मोठ्या कामातून उतरलेले यंत्र हलक्या कामाला लावता येते. त्याची स्मृतिपट्टी, त्याचा प्रोसेसर, त्याचा वीजपुरवठ्याचा डबा दुसऱ्याच्या अंगी बसतो. मायक्रोसॉफ्टने २०२० साली ॲमस्टरडॅमला एक केंद्रच यासाठी उघडले, आणि पुढे इतर ठिकाणी. उतरलेले सर्व्हर तिथे येतात, निवडले जातात आणि पुन्हा कामाला जातात. नव्वद टक्क्यांहून अधिक यंत्रे व सुटे भाग पुन्हा वापरात किंवा पुनर्चक्रणात जातात, असा त्या कंपनीचा दावा आहे. दावा खुद्द मालकाचा आहे, हे लक्षात ठेवूनही तो आनंदाने वाचावा असा आहे.

मग अडते कुठे? माझ्या मते मुख्य अडचण यंत्रशास्त्राची नाहीच. ती भीतीची आहे. हे मला पुस्तकातून कळले नाही, शाळेत कळले.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यालयाने आमच्या शाळेला बारा संगणक भेट दिले. कार्यक्रम झाला, फीत कापली गेली, मुलींनी स्वागतगीत म्हटले, पाहुण्यांनी उद्याच्या भारतावर भाषण केले. पाहुणे गेल्यावर संगणक जोडले, तर एकही सुरू होईना. दुरुस्ती करणारा मुलगा आला, त्याने एकेक डबा उघडला आणि म्हणाला, 'सर, यात हार्ड डिस्कच नाही.' बाराही डब्यांत तबकडीची जागा रिकामी होती. चौकशी केली तेव्हा कळले की त्या कार्यालयाचा नियमच तसा : संगणक द्यावा, तबकडी कधीही देऊ नये, ती काढून तिचा चुरा करावा. बारा नव्या तबकड्यांना जी रक्कम लागली असती ती आमच्या सादिलात बसत नव्हती. आणि तोवर ते बारा डबे शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत समारंभाच्याच दिवशी नोंदले गेले होते. ज्यांना शाळेचे कारभार माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : या वहीत वस्तू चढते एका ओळीने, पण उतरायला तिचे 'निर्लेखन' व्हावे लागते. समिती बसते, मूल्यांकन होते, वरची मंजुरी येते. थोडक्यात, त्या कार्यालयाने आपला कचरा आम्हाला दिला आणि वर आभाराचे पत्र घेतले. त्यांच्या वार्षिक अहवालात ते बारा संगणक 'पुनर्वापर' या सदरात गेले असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चिडून झाल्यावर मी विचार करू लागलो, तेव्हा त्या कार्यालयाची भीती मला अगदीच खोटी वाटेना. अमेरिकेतील मॉर्गन स्टॅन्ले या मोठ्या वित्तसंस्थेने आपली जुनी यंत्रे काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले होते. तिला माहिती नष्ट करण्याचा काही अनुभव नव्हता. यंत्रे पुढे विकली गेली, काही इंटरनेटवरच्या लिलावात निघाली, आणि त्यांत ग्राहकांची खासगी माहिती तशीच होती. सुमारे दीड कोटी ग्राहकांचा प्रश्न होता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या संस्थेला साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. असे एक उदाहरण घडले की जगातले हजार अधिकारी आपापल्या तबकड्या चुरा करण्याच्या यंत्रात घालतात. चुरा केल्याबद्दल आजवर कुणाला दंड झालेला नाही.

परंतु फोडणे आणि पुसणे यांत फरक आहे. तबकडीवर नवे अक्षर लिहून जुने बुजवता येते, हा झाला एक प्रकार. दुसरा अधिक सुंदर आहे. तबकडीवर जे लिहायचे ते पहिल्या दिवसापासून कुलूपबंद लिपीत लिहायचे, आणि त्या कुलपाची किल्ली निराळी ठेवायची. यंत्र निवृत्त झाले की फक्त किल्ली नष्ट करायची. तबकडी शाबूत राहते, पण तिच्यावरचे लेखन कुणालाही न उलगडणारी निरर्थक चिन्हे होऊन बसते. अमेरिकेच्या मानक संस्थेने यासंबंधीची मार्गदर्शक पुस्तिका २००६ सालीच काढली. पुसण्याच्या पायऱ्या तिने सांगितल्या आहेत आणि चुरा हा त्यांतला एक उपाय आहे, एकमेव नव्हे. आपल्याकडे २०२३ साली खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचेही म्हणणे असे की काम संपल्यावर माणसाची माहिती पुसावी. माहिती पुसावी, लोखंड फोडावे असे त्यात नाही.

आणि तबकडीचा चुरा झाला की काय जाते? तिच्यात निओडिमियम नावाच्या दुर्मीळ धातूची छोटी पण जबर चुंबके असतात. तबकडी अखंड असेल तर ती काढता येतात. चुऱ्यात मात्र ती लोखंडाला चिकटून बसतात आणि वाया जातात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ धातूंच्या आणि अशा चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा आपल्या मोटारींच्या कारखानदारांची झोप उडाली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने महत्त्वाची खनिजे कचऱ्यातून परत मिळवण्यासाठी १५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एका हाताने चुरा करायचा आणि दुसऱ्या हाताने त्या चुऱ्यातून कण वेचण्यासाठी कोटी मोजायचे, याला अर्थशास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आमच्या घरी याला निराळा शब्द होता.

या भीतीत आपलाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही. आपली छायाचित्रे, बँकेची खाती, डॉक्टरांचे कागद जन्मभर कुणी तरी सांभाळावेत, एक क्षणही ते मिळेनासे होऊ नयेत, त्यांचा वासही परक्याला लागू नये, आणि हे सारे फुकटात व्हावे, अशी आपली अपेक्षा. ती पुरी करायची तर यंत्रे दुप्पट ठेवावी लागतात, लवकर बदलावी लागतात आणि निर्दयपणे फोडावी लागतात. ऐरोलीतला चुरा काही अंशी आपल्या घरातून निघालेला आहे. कबाड्याच्या तराजूवर तो येत नाही, म्हणून दिसत नाही.

जे फुटत नाही त्याचे तरी काय होते? २०२२ साली जगात ६२०० कोटी किलो, म्हणजे ६२० लाख टन विद्युत-कचरा निघाला, असा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा हिशेब आहे. त्यातला एक चतुर्थांशसुद्धा रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आल्याची नोंद नाही. उरलेला कुठे तरी 'टाकला' गेला. आपल्या देशात हा 'कुठे तरी' दिल्लीच्या सीलमपूरला आहे, रामगंगेच्या काठी मुरादाबादला आहे. तिथे हिरव्या पाट्या आगीवर तापवतात, वितळलेल्या शिशातून चिपा चिमट्याने उपटतात, पाट्या आम्लात बुडवून सोन्याचा पातळ मुलामा उतरवतात, आणि तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतात. खाणीतल्या एक टन खडकात जेवढे सोने असते त्याच्या कितीतरी पट एक टन पाट्यांत असते, म्हणून हा धंदा चालतो. सोने व्यापाऱ्याकडे जाते. शिसे, धूर आणि आम्ल तिथेच राहते, ज्यांनी ते वेचले त्यांच्या अंगात.

कायदा नाही असे नाही. विद्युत-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली झाले, मग २०१६ साली, आणि सध्याचे २०२२ चे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू बनवणाऱ्याने तिच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यावी, हे त्यांचे तत्त्व. आणि ते तत्त्व मला फार मोलाचे वाटते. जन्म देणाऱ्याने मरणाच्या खर्चाचा विचार आधीच करावा, असे आपल्या व्यवहारात पूर्वी कुणी म्हटले नव्हते. दरवर्षी किती कचऱ्याचे पुनर्चक्रण दाखवायचे याची टक्केवारीही ठरलेली आहे. साठावर सुरू होऊन ऐंशीपर्यंत ती चढते. पण हा हिशेब वजनाचा आहे. अमुक टन फोडले, अमुक किलो तांबे निघाले, त्याचे प्रमाणपत्र मिळाले. एखाद्याने सर्व्हर दुरुस्त करून आणखी चार वर्षे चालवला, तर त्या पुण्याबद्दल बनवणाऱ्याची जबाबदारी मुख्यतः पुढे ढकलली जाते. फोडणाऱ्याला पूर्ण श्रेय आणि जगवणाऱ्याला मुदतवाढ, हे मला पटत नाही.

तसेच या नियमांत आमच्या कबाड्याला जागा नाही. नोंदणी, यंत्रसामग्री, संगणकावरचे विवरणपत्र हे त्याच्या आवाक्याबाहेरचे. वस्तुतः वस्तूकडे वस्तू म्हणून पाहणारा तोच एक उरला आहे. हातात घेतल्याबरोबर तांबे कोणते आणि नुसता तांब्याचा रंग कोणता हे तो सांगतो. कुठला पंखा अजून फिरेल आणि कुठला फक्त वजनाचा, हे त्याला कळते. कारागीर होण्याची पात्रता ज्याच्यात आहे त्याला आपण चोरवाटेवर ठेवले आहे, आणि मग त्याच्या धुराबद्दल त्यालाच बोल लावतो.

आता आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नाही तर मी जुन्या वस्तूंचा नुसता भाट ठरेन. जुने यंत्र दुसऱ्याला देणे हे नेहमीच पुण्य नसते, हे आपल्या देशाने एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. १९६०च्या सुमारास आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतात संगणक देऊ लागली. तिचे १४०१ नावाचे यंत्र पाश्चात्त्य देशांतून जुने होऊन उतरले की ते इथे आणून, दुरुस्त करून, भारी भाड्याने दिले जाई. यंत्रांचा पुनर्वापर उत्तम होत होता! पण भाडे जुन्याचे नव्हते आणि देशाला नवे काही शिकायला मिळत नव्हते. संसदेच्या लोकलेखा समितीने यावर कोरडे ओढले. पुढे परकीय चलनाच्या कायद्यावरून सरकारशी बिनसले आणि १९७८ साली ती कंपनी देश सोडून गेली. यंत्रे मात्र इथेच राहिली, कार्यालयांत, कारखान्यांत, विद्यापीठांत. बनवणारा निघून गेलेल्या त्या शेकडो यंत्रांना सांभाळणार कोण? केंद्र सरकारने १९७५ साली 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' स्थापन केले होते. त्याच्या अभियंत्यांनी ही जबाबदारी घेतली. सुटे भाग जमवून, एकाचे अवयव दुसऱ्याला लावून, त्यांनी ती यंत्रे चालती ठेवली.

मला या हकिगतीचे दोन्ही भाग एकदमच आठवतात. त्याच यंत्राचा पुनर्वापर १९६५ साली शोषण होता आणि १९७९ साली स्वावलंबन. यंत्रात काही बदलले नव्हते. पाना कुणाच्या हातात आहे, एवढेच बदलले होते. म्हणून आमच्या शाळेला दिलेल्या बारा डब्यांना मी दान म्हणत नाही. त्या कार्यालयाने बारा पुसलेल्या तबकड्या दिल्या असत्या, किंवा नुसता एक माणूस आठवडाभर पाठवून मुलांना डबा उघडून जोडायला शिकवले असते, तर ते बारा डबे आमच्याकडून पुढे दुसऱ्या शाळेत गेले असते. दान देताना वस्तूवरचा आपला हक्क सोडायचा असतो. तिची काळजी सोडायची असते, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे?

शाळेत आणखी एक वही असते, तिला आमच्या विदर्भात दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. मूल पहिलीत आले की त्याचे नाव चढते. ते शाळा सोडते तेव्हा कधी सोडली, का सोडली, हे लिहावे लागते आणि मगच दाखला मिळतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलाची नोंद मागायला आजही म्हातारे होऊन माणसे येतात, आणि ती सापडते. ही वही कधी नष्ट करायची नसते. चारशे मुले गेली, एकूण वजन इतके, असे तिच्यात लिहून चालत नाही. सर्व्हरलाही कारखान्यातून निघताना एक क्रमांक मिळतो. ऐरोलीच्या कपाटात तो त्या क्रमांकाने ओळखला जातो, बिघडला तर त्या क्रमांकाने हाक मारली जाते. दाराबाहेर पडला की मात्र तो टनात मिसळतो. तो क्रमांक शेवटपर्यंत जावा : या यंत्राची स्मृतिपट्टी अमुक ठिकाणी गेली, तबकडी पुसून अमुक विद्यालयाला दिली, पाटी अमुक भट्टीत वितळली आणि ती वितळवणाऱ्याच्या हातात मोजे होते. एवढे लिहायला आजच्या डेटा सेंटरला जागा कमी पडेल असे कुणी सांगितले तर मी हसेन. आपली सात वर्षांपूर्वीची रांगोळी ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांनी आपल्याच यंत्राचा पत्ता हरवावा?

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आमच्या बारा डब्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव अखेर वर गेला. अर्ज मीच भरला. त्यात वस्तूचे नाव, खरेदी वा भेटीचा दिनांक, मूळ किंमत, आजची किंमत आणि विल्हेवाटीची पद्धत असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात मी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राचे नाव आणि गाव लिहू लागलो, तेव्हा आमचे बाबू चष्मा वर करून म्हणाले, 'सर, तिथे फक्त लिलाव की नष्ट एवढंच लिहायचं असते. गावाचं नाव लिहायला त्यात जागा नाही.' मी समासात लिहिले. अर्ज अजून परत आलेला नाही.